स्पॅनिश शब्द आणि इंग्रजी जीभ

श्रोतेहो, मुंबईत १८६९ साली स्थापन झालेले एक नामांकित महाविद्यालय आहे. त्याचे नाव आपण सहजपणे 'सेंट झेवियर' असे घेतो. ज्या साधुपुरुषाच्या नावाने ते ओळखले जाते त्याचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस या देवालयात ठेवलेला आहे, आणि गोव्यातील भाविक मंडळी त्याला 'शाविएर' म्हणतात. आता कोणी प्रवासी स्पेन देशात गेला आणि त्याने हेच नाव विचारले, तर तेथील माणूस 'ख़ावियेर' असा उच्चार करील. यातील 'ख़' आपल्या 'खडू'तील नव्हे. उर्दू बोलणारे 'ख़ान' म्हणताना घशातून जो घासून काढतात, तो. माणूस एक, नाव एक, लिहिण्याचे आद्याक्षरही मुळात एकच, रोमन लिपीतील 'एक्स'. असे असता उच्चार तीन! यांपैकी खरा कोणता?

हा साधू १५०६ साली नाव्हारा प्रांतातील एका गढीत जन्मला. त्या गढीचेच नाव त्याला लाभले. बास्क भाषेतील मूळ शब्दांचा अर्थ 'नवे घर' एवढाच. त्या काळी स्पेन देशात 'एक्स' या अक्षराचा उच्चार 'श' होत असे. म्हणजे त्याच्या स्वतःच्या कानांना जवळचा वाटला असता तो गोव्यातील उच्चार. गोव्यात रोमन लिपीत कोंकणी लिहिताना 'श'साठी अद्यापि 'एक्स' वापरतात, तो पोर्तुगीजांकडून आलेला त्याच जुन्या वहिवाटीचा अवशेष होय. स्पेनने आपला उच्चार बदलला. इंग्रजाने अक्षर पाहिले आणि आपल्या भाषेच्या सवयीने 'झ' म्हटले. आपण इंग्रजी शाळेत शिकलो म्हणून इंग्रजाचे ऐकले.

या लहानशा उदाहरणात आजच्या भाषणाचा सारा विषय सामावलेला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने स्पॅनिश भाषेचे उच्चार शिकण्याचा उद्योग गेली सव्वाचारशेहून अधिक वर्षे चालविला आहे. त्याचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्याची फसगत बुद्धीच्या मांद्याने झाली नाही. कानाने शिकावयाची गोष्ट तो डोळ्याने शिकू पाहत होता, आणि डोळ्यापुढचे अक्षर जागच्या जागी राहून त्याच्या मागचा ध्वनी मात्र दोन्ही देशांत सरकत चालला होता.

या उद्योगाचा प्रारंभ युद्धाच्या छायेत झाला. १५८८ साली स्पेनचे प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आले. त्यातील 'नुएस्त्रा सेन्योरा देल रोसारिओ' नावाचे गलबत फ्रान्सिस ड्रेक याने पकडले आणि त्यावरील सरदार पेद्रो दे व्हाल्देस कैदी झाला. मोठा खंडणीयोग्य कैदी म्हणून त्याला ड्रेकच्या एका नातलगाच्या घरी सन्मानाने ठेवण्यात आले होते. त्याच सुमारास रिचर्ड पर्सिव्हल नावाचा एक विद्वान गृहस्थ इंग्रजांसाठी स्पॅनिश भाषेचे व्याकरण व कोश रचीत होता. शंका विचारावयाच्या कोणाला? त्याने या घरी जाण्याची परवानगी मिळविली आणि व्हाल्देस व त्याचा एक सहबंदी यांच्यापुढे आपला कोश वाचून तपासून घेतला. ही हकीकत त्याने १५९१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. शत्रूच्या सेनापतीला इंग्लंड जिंकता आले नाही. पण इंग्रजाच्या हातातील स्पॅनिश शब्द मात्र त्याने सुधारून दिले. विद्येचे व्यवहार असे चमत्कारिक असतात.

पर्सिव्हलच्या आधी एक वर्ष, म्हणजे १५९० साली, आंतोनियो देल कोर्रो या स्पॅनिश पंडिताचे व्याकरण जॉन थोरियस याने इंग्रजीत उतरविले होते. पुढे १५९९ मध्ये जॉन मिन्शू याने पर्सिव्हलचा कोश वाढवून काढला. व्यापारी, खलाशी, मुत्सद्दी आणि हेर या सर्वांनाच त्या भाषेची गरज होती. परंतु छापील पुस्तकातून उच्चार शिकविण्याचा एकच मार्ग त्या ग्रंथकारांना उपलब्ध होता: 'हे अक्षर आपल्या अमुक इंग्रजी शब्दातील अक्षरासारखे म्हणा' असे सांगणे. या मार्गात जो खळगा होता तो त्यांना दिसण्यासारखा नव्हता, कारण आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती हलते आहे हे उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही.

येथे क्षणभर आपल्या बाजूला वळून पाहण्यासारखे आहे. नेमक्या याच पिढीतील एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यास आला होता. त्यालाही अपरिचित ध्वनींची तीच अडचण पडली, परंतु ती उलट दिशेने. आपले ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण रोमन अक्षरांत कसे बसवावे? १६१६ साली छापलेल्या त्याच्या 'क्रिस्तपुराणा'च्या रोमन लिपीत दुहेरी अक्षरे योजून हा भेद राखलेला आहे. त्याला हे साधले याचे कारण उघड आहे. तो लोकांत राहत होता, त्यांचे बोलणे रोज ऐकत होता, आणि ऐकलेल्या ध्वनीसाठी अक्षर शोधीत होता. लंडनमधील विद्यार्थी अक्षर पाहून ध्वनीचा तर्क करीत होता. दोघांत अंतर पडले ते या ठिकाणी.

आता स्पेनमध्ये काय घडत होते ते पाहू. सुदैवाने मराठी श्रोत्याला ते समजावून देणे फार सोपे आहे. आपण 'चार' म्हणतो आणि 'चाक' म्हणतो. अक्षर एकच, पण 'चाक'मधला च दातांजवळून येतो. तसाच 'जय'मधला ज निराळा आणि 'जग'मधला निराळा. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये आपल्या 'चाक' व 'जग' यांतील च-ज सारखे दोन ध्वनी होते. शिवाय एक 'श' आणि त्याचाच घोष जोडीदार असा आणखी एक, फ्रेंच भाषेत आढळणारा, ध्वनी होता. सोळाव्या व सतराव्या शतकांत ही सारी मांडणी मोडली. घोष आणि अघोष यांचा भेद गेला. 'चाक'मधील च सैल होत होत कास्तील प्रांतात इंग्रजी 'थिन' या शब्दाच्या आरंभी असलेल्या ध्वनीप्रत पोहोचला. दक्षिणेत सेव्हिल्यामध्ये, आणि तेथील बंदरातून अमेरिकेस गेलेल्या लोकांत, त्याचा सरळ 'स' झाला. इकडे 'श' मागे मागे सरकत घशाशी गेला आणि 'ख़' बनला.

कास्तीलच्या त्या 'थ'सारख्या ध्वनीविषयी एक दंतकथा इंग्रजी बोलणाऱ्या जगात फार प्रिय आहे. कोणी एक राजा बोबडा होता, दरबारी लोकांनी त्याची नक्कल केली आणि सारा देश बोबडा झाला, अशी ती कथा. तिला इतिहासात काडीचा आधार नाही. बोबडेपणा असता तर प्रत्येक 'स'चा 'थ' झाला असता. पण कास्तीलचा माणूस 'कासा', म्हणजे घर, म्हणताना स्वच्छ 'स' म्हणतो. आणि 'काथा', म्हणजे शिकार, म्हणतानाच जीभ दातांत आणतो. शब्द दोन, ध्वनी दोन. परक्याच्या उच्चारनियमाला व्यंग समजण्याची ही वृत्ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

'श'चा 'ख़' होत असता, १६०५ साली, सेर्व्हान्तेसचा जगद्विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नायकाचे नाव त्या वेळी 'किशोते' असेच पुष्कळांच्या तोंडी असावे. कारण फ्रेंचांनी ते 'किशोत' असे घेतले आणि इटालियनांनी 'किशोत्ते' असे घेतले. त्यांनी ध्वनी घेतला. १६१२ साली थॉमस शेल्टन याचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि इंग्रजांनी अक्षरे घेतली. त्याचा परिणाम असा झाला की, स्पेनमध्ये हल्ली 'किख़ोते' म्हटल्या जाणाऱ्या त्या भोळ्या वीरावरून बनलेले विशेषण इंग्रजीत 'क्विक्सॉटिक' असे उच्चारले जाते. याच्या उलट 'शेरी' हे मद्याचे नाव पाहा. ते आंदालुसिया प्रांतातील 'शेरेस' या गावाचे नाव. ते पुस्तकांतून आले नाही. पिंपांबरोबर, खलाशांच्या तोंडून आले. म्हणून त्यात जुना 'श' जसाच्या तसा टिकला. इंग्रजांनी 'शेरिस'मधील शेवटचा 'स' अनेकवचनाचा समजून टाकून दिला एवढेच. गावाला हल्ली स्पेनमध्ये 'ख़ेरेस' म्हणतात, आणि जुना उच्चार इंग्रजांच्या मद्यपात्रात सापडतो! विद्वानाने पुस्तकातून आणलेला शब्द बिघडला आणि खलाशाने बंदरातून आणलेला शाबूत राहिला, यातील बोध वेगळा सांगावयास नको.

हे झाले स्पेनचे. पण याच शतकांत इंग्रजी भाषाही स्थिर नव्हती. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, इंग्रजीतील दीर्घ स्वर युरोपातील इतर भाषांप्रमाणेच उच्चारले जात. 'नेम' हा शब्द आपल्या 'नाम' शब्दाच्या जवळपास होता. पंधराव्या शतकापासून पुढे या सर्व दीर्घ स्वरांनी आपापल्या जागा सोडल्या: 'आ' 'ए'कडे गेला, 'ए' 'ई'कडे गेला, 'ई'चा 'आय' झाला. परंतु लेखन छापखान्यांनी गोठविले होते. म्हणूनच इंग्रज मुलगा वर्णमालेतील पहिल्या अक्षराला 'ए' म्हणतो, दुसऱ्या एकाला 'ई' म्हणतो आणि ज्याला सारा युरोप 'ई' म्हणतो त्याला 'आय' म्हणतो. 'हे स्पॅनिश अक्षर अमक्या इंग्रजी शब्दातल्यासारखे म्हणा' हा पर्सिव्हलच्या काळचा नियम शंभर वर्षांनी अक्षरशः पाळला तर भलताच उच्चार होई. दोन नावा एकाच वेळी नांगर उचलून उलट दिशांना निघाल्या, आणि मधला दोर म्हणून ठेवलेली लिपी मात्र ताणली गेली.

स्पेनने आपल्या परीने हा दोर पुन्हा नीट बांधला. १७१३ साली तेथे राजाश्रयाने भाषा अकादमी स्थापन झाली, आणि शंभर वर्षे लेखन सुधारीत सुधारीत १८१५ मध्ये तिने घशातील 'ख़'साठी 'एक्स' हे अक्षर बंद करून 'जे' योजिले. आज स्पॅनिश शब्द पाहिला की त्याचा उच्चार बहुधा निश्चित सांगता येतो. इंग्रजीला असे करता आले नाही. त्यामुळे शिकणाऱ्या इंग्रजापुढे विचित्र पेच पडतो. स्पॅनिश लेखन प्रामाणिक आहे, पण स्वतःच्या भाषेने त्याला अक्षरावर विश्वास न ठेवण्याची शिकवण लहानपणीच दिलेली असते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या विद्येचे केंद्र हळूहळू अटलांटिकपलीकडे सरकले, कारण नव्या अमेरिकन राष्ट्राला स्पॅनिश भाषिक शेजारी लाभले होते. त्या राष्ट्राचे थोर पुरुष थॉमस जेफर्सन यांची एक गमतीदार गोष्ट सांगतात. १७८४ साली युरोपला जाताना जहाजावरच्या एकोणीस दिवसांत आपण एक व्याकरण व 'दोन किख़ोते' यांच्या साह्याने स्पॅनिश शिकलो, असे त्यांनी पुढे जॉन क्विन्सी अॅडम्स यांना सांगितले. अॅडम्सनी ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आणि पुढे, जेफर्सनसाहेब गोष्टी जरा मोठ्या करून सांगतात, अशा अर्थाची पुस्तीही जोडली. एकोणीस दिवसांत वाचता येऊ लागणे सर्वथा अशक्य नाही. पण त्या केबिनीत स्पॅनिश बोलणारे कोण होते? त्याच्याशेजारी दुसरे चित्र ठेवा. १८१८ साली जॉर्ज टिकनॉर हा तरुण अमेरिकन पंडित बार्सेलोनाहून माद्रिदला घोडागाडीतून चालला होता. रस्ते वाईट, मुक्काम त्याहून वाईट. त्याने वाटेत तेच पुस्तक उघडले, पण ते आपल्या स्पॅनिश सहप्रवाशांना मोठ्याने वाचून दाखविले; आणि ते लोक कोठे हसतात, कोठे रंगून जातात, हे पाहत तो वाचीत गेला. पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्पॅनिश साहित्याच्या अध्यापनाचा पाया याच गृहस्थाने घातला. एकाने पुस्तक डोळ्यांनी वाचले, दुसऱ्याने परक्या कानांच्या साक्षीने वाचले.

तरीही सामान्य शिष्टाचार पहिल्याच प्रकारचा राहिला. कवी बायरन १८०९ साली सेव्हिल्या व कादिस येथे प्रत्यक्ष जाऊन आलेला होता. परंतु १८१८ साली त्याने 'दोन ख़्वान'वर काव्य लिहावयास घेतले तेव्हा यमके अशी जुळविली, की वाचकाला 'जूअन' असेच म्हणावे लागते. कवीला हे ठाऊक नव्हते असे नव्हे. परक्या नावाने आपल्या भाषेत आल्यावर आपले कपडे बदलावे, ही त्या काळची निर्धास्त श्रद्धा होती.

कवितेत हा विनोद ठरतो. जेथे राज्य बदलते तेथे त्याचा रंग पालटतो. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि तेथील हजारो स्पॅनिश भाषिक कुटुंबे आपल्याच घरात परकी झाली. गावांची नावे स्पॅनिश राहिली, जिभा बदलल्या. १७८१ साली वसविलेल्या 'लोस आंख़ेलेस' या शहराचे काय करावयाचे यावर तर शंभर वर्षे वाद चालला. तेथील एक प्रमुख वृत्तपत्र कित्येक वर्षे आपल्या अग्रलेखाच्या पानावर स्पॅनिश उच्चार इंग्रजी अक्षरांत फोडून छापीत असे. अखेर १९५२ साली नगराध्यक्षांनी या कामासाठी एक मंडळ नेमले आणि कौल पडला तो इंग्रजी वळणाच्या 'लॉस अँजलस'कडे. नाव स्पेनचे, निकाल बहुमताचा.

या साऱ्या घोटाळ्यातून वाट दाखविली ती ध्वनिशास्त्राने. एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांना आपल्या प्रातिशाख्यांचा परिचय झाला. व्हिटनी या अमेरिकन संस्कृतज्ञाने १८६२ साली अथर्ववेदाचे प्रातिशाख्य संपादिले. वर्णाचे वर्णन त्याच्या स्थानावरून व प्रयत्नावरून करावे, ही आपल्याकडील जुनी दृष्टी त्यांना त्यात आढळली. १८६७ मध्ये अलेक्झांडर मेलव्हिल बेल याने मुखातील अवयवांची स्थिती दाखविणारी लिपी रचली, १८७७ मध्ये हेन्री स्वीट याचा ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ आला, आणि १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी याच्या पुढाकाराने ती संस्था निघाली जिची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आज सर्व जगात चालते. आता 'अमुक शब्दातल्यासारखे' म्हणण्याऐवजी, जीभ कोठे ठेवावी आणि श्वास कसा सोडावा, असे सांगता येऊ लागले.

स्पॅनिश भाषेसाठी हे काम तोमास नाव्हार्रो तोमास यांनी केले. त्यांचा जन्म १८८४ सालचा. फ्रान्स व जर्मनीतील प्रयोगशाळांत शिकून त्यांनी माद्रिद येथील इतिहास-संशोधन केंद्रात ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. तेव्हाच्या प्रयोगांची एक रीत मोठी चतुर आहे. तोंडात टाळूवर चपखल बसेल असे पातळ कवच करावयाचे, त्यावर खडूची पूड पसरावयाची आणि एकच वर्ण उच्चारावयाचा. जीभ जेथे टेकली तेथली पूड पुसली जाते. कवच काढून पाहिले की वर्णाचे चित्र हाती येते. अशा सूक्ष्म निरीक्षणांतून १९१८ साली त्यांचे स्पॅनिश उच्चारावरील पुस्तक निघाले, आणि ते आजही प्रमाण ग्रंथांत मोडते. त्याच सुमारास महायुद्धामुळे अमेरिकन शाळांतून जर्मन भाषा मागे पडून स्पॅनिश पुढे आली होती. १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांचा एक संघही तेथे स्थापन झाला. १९२६ साली नाव्हार्रो तोमास यांनी ऑरेलिओ एस्पिनोसा यांच्यासह इंग्रजी विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक पुस्तक काढले. एस्पिनोसा हे कोलोराडोत जन्मलेले, घरी स्पॅनिश बोलणारे प्राध्यापक. ज्यांच्या घरची भाषा राज्य बदलल्याने परकी ठरली, त्यांच्यापैकीच एक गृहस्थ आता राज्यकर्त्यांच्या मुलांना तिचा उच्चार शिकवीत होता.

इंग्रजी जिभेला नेमके काय सोडावे लागते? पहिली गोष्ट स्वरांची. स्पॅनिशमध्ये आ, ए, इ, ओ, उ असे पाचच स्वर. आखूड, स्वच्छ आणि शेवटपर्यंत न बदलणारे. इंग्रज 'नो' म्हणताना ओठ मिटत नेतो आणि 'नोउ' करतो. आणि आघात नसलेला स्वर तर तो गिळूनच टाकतो. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. पण स्पॅनिशमध्ये 'एर्मानो' म्हणजे भाऊ आणि 'एर्माना' म्हणजे बहीण. शेवटचा स्वर अस्पष्ट झाला की भाऊ आणि बहीण एक होतात. आघाताचेही तसेच. 'आब्लो'मध्ये पहिल्या अवयवावर जोर दिला तर 'मी बोलतो', दुसऱ्यावर दिला तर 'तो बोलला'.

दुसरी गोष्ट 'त'ची. इंग्रजाचा 'टी' हिरडीवर आपटतो व त्याबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो. म्हणून आपणही त्यांच्या 'डॉक्टर'ला 'ट' लावतो. स्पॅनिश 'त' मात्र दातांचा आणि अल्पप्राण, थेट आपल्या 'तलवारी'तला आहे. मौज अशी की, आपला 'तू' आणि स्पॅनिश 'तू' यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक आणि कूळही एकच. मराठी मुलाला जो शब्द शिकावाच लागत नाही, तो इंग्रज मुलगा प्रथम 'ठू' असा म्हणतो.

तिसरी गोष्ट 'र'ची. 'पेरो' म्हणजे 'परंतु' आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. एकात जिभेचा एकच टोला, दुसऱ्यात अनेक. इंग्रजी 'र'मध्ये जीभ कोठेच टेकत नाही, म्हणून विद्यार्थी हताश होतो. पण ध्वनिशास्त्राने दाखवून दिले की, एकेरी टोल्याचा हा ध्वनी अमेरिकन माणसाच्या तोंडात आधीपासून आहे. तो 'वॉटर' किंवा 'लॅडर' झरझर म्हणतो तेव्हा मधले व्यंजन स्पॅनिश 'र'च असते. त्याला वाटते आपण 'ट' किंवा 'ड' म्हणतो आहोत. त्यामुळेच तो 'तोदो', म्हणजे सर्व, म्हणावयास जातो आणि ऐकणाऱ्याला 'तोरो', म्हणजे बैल, ऐकू येतो. ध्वनी हाताशी होता. त्याची ओळख नव्हती. शिकणे म्हणजे पुष्कळदा नवे मिळविणे नसून आपल्याजवळ काय आहे ते ऐकू येणे होय, हे याहून चांगले कशाने समजेल?

परंतु हे ज्ञान देणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला काय आले? १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. नाव्हार्रो तोमास तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालयाचा कारभार पाहत होते. १९३९ च्या जानेवारीत बार्सेलोना पडले आणि लाखो निर्वासितांबरोबर त्यांनी फ्रान्सची सीमा ओलांडली. त्याच तांड्यात कवी आंतोनियो माचादो होते. ते महिन्याभरात सीमेपलीकडील कोलिउर गावी वारले. नाव्हार्रो तोमास न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. खेड्याखेड्यांतून फिरून त्यांच्या शिष्यांनी टिपलेल्या बोलींच्या वह्या त्यांनी या धावपळीत वाचविल्या आणि १९५१ मध्ये त्या स्पेनला परत पाठविल्या. १९६२ साली त्यांतून भाषिक नकाशांचा पहिला खंड निघाला. ते स्वतः १९७९ साली अमेरिकेतच वारले. घरदार सुटले तेव्हा या माणसाने जपले ते शेतकऱ्यांचे आणि मेंढपाळांचे उच्चार.

त्यांचे पुस्तक वाचून अमेरिकन विद्यार्थी माद्रिदचा शुद्ध 'थ' घोकीत होते, त्याच देशात टेक्सास व शेजारच्या प्रांतांतील अनेक शाळांत स्पॅनिश घरांतील मुलांना मैदानावरसुद्धा आपली भाषा बोलण्याची बंदी होती, आणि बोलल्यास शिक्षा होई. नागरी हक्कांच्या सरकारी आयोगाने १९७२ च्या आपल्या अहवालात या नियमांची नोंद केली आहे. वर्गात जी भाषा विद्या म्हणून शिकवावयाची, ती मुलाच्या तोंडून आली की अपराध ठरवावयाची! बोबड्या राजाची कथा रचणारी वृत्ती हीच.

तेव्हा श्रोतेहो, उच्चार हा केवळ जिभेचा व्यायाम नव्हे. कोणता उच्चार शुद्ध, असे विचाराल तर माद्रिदचा एक, सेव्हिल्याचा दुसरा, मेक्सिकोचा तिसरा, आणि हे सर्वच शुद्ध. कारण ते त्या त्या लोकांचे आहेत. शिकणाऱ्याची जीभ शेवटपर्यंत थोडीशी परकी राहिली तरी कोणी त्याला दोष देत नाही. समोरचा माणूस काय बोलतो हे ऐकण्याचे कष्ट त्याने घेतले की नाही, एवढेच पाहिले जाते. पर्सिव्हल आपल्या शत्रूच्या बिछायतीशी जाऊन बसला; टिकनॉरने गाडीतल्या सोबत्यांना वाचून दाखविले; स्टीफन्सने गोव्याच्या माणसांचे ध्वनी आपल्या अक्षरांपेक्षा मोठे मानले. या तिघांना जे साधले ते ऐकण्यामुळे साधले.

आणि आपल्या स्वतःविषयी बोलावयाचे तर, 'झेवियर' म्हणू नका असे माझे सांगणे नाही. मुंबईत ते नाव आता तसेच रुजले आहे. पण दुसऱ्या प्रांतातील किंवा दुसऱ्या देशातील एखादा माणूस आपल्यासमोर येऊन आपले नाव सांगेल, तेव्हा ते कागदावर वाचण्याआधी त्याच्या तोंडून एकदा ऐकावे, आणि ऐकले तसे म्हणून पाहावे. त्याला काही खर्च नाही, आणि त्या माणसाला आपल्या घरी आल्यासारखे वाटते.